वाचकांचे प्रश्न : बसमधला इन्व्हर्टर बदलताना

प्रश्न : जुन्या बसचं आम्ही फिरतं घर केलंय. त्यातला २४ व्होल्टचा जुना स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरींची वीज देणारा) इन्व्हर्टर फ्रीज सुरू होताना ‘लो बॅटरी’ दाखवून बंद पडतो. १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) दोन्ही बॅटऱ्या नव्या आहेत. आता २००० वॉटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी लहर देणारा) घेतोय. बॅटऱ्या पुढे आणि इन्व्हर्टर पाच मीटर मागे आहे. मधली १६ स्क्वेअर एमएमची वायर तशीच ठेवली तर चालेल का?

उत्तर : नाही. वायर बदलली नाही, तर नवा इन्व्हर्टरही तसाच बंद पडू शकतो.

२००० वॉटच्या पूर्ण लोडवर बॅटरीतून साधारण १०० अँपिअर ओढले जातात. जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यात एक व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जातो. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट करंट घेतो. त्यात लग (वायरीच्या टोकाला बसवलेली, बोल्टखाली आवळायची धातूची टोकं) गंजलेले असले, तर इन्व्हर्टरला बॅटरी उतरल्यासारखीच दिसते. खात्री करून घ्या : किमान व्होल्टेज धरून ठेवणारं मीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर लावून फ्रीज सुरू करा. बॅटरीवर २४ आणि इन्व्हर्टरवर २२ दिसले, तर दोष वायरीचा किंवा जोडांचा. दोन्हीकडे सारखंच पडलं, तर नवी असली तरी बॅटरीच तपासा.

इन्व्हर्टर बॅटरीपासून दीड मीटरच्या आत आणा आणि ३५ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घाला. २३० व्होल्टची बाजू लांब गेली तरी बिघडत नाही, तिथे करंट नऊ-दहा अँपिअरचाच असतो. मात्र इन्व्हर्टर बॅटरीच्याच बंद पेटीत बसवू नका. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. पूर्ण लोडवर सुमारे २०० वॉट उष्णता होते, म्हणून पंख्यासमोर मोकळी जागा हवी.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात १५० अँपिअरचा डीसी फ्यूज हवाच. नव्या इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. घरातला एसी एमसीबी (करंट वाढला की पडणारा स्विच) इथे वापरू नका. डीसीचा करंट शून्यावर येत नाही, त्यामुळे ठिणगी तुटत नाही आणि आग लागू शकते.

काढताना आधी सगळा लोड आणि बाहेरून येणारी लाइन बंद करा. मग निगेटिव्ह सोडा, पॉझिटिव्ह नंतर. चेसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, निगेटिव्हला जोडलेली असते. उलट क्रमाने गेलात आणि पान्हा पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्ट. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. शेवटचा लग टेकवण्यापूर्वी त्या फटीत १०० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर पाचेक सेकंद धरा. आतले कपॅसिटर हळू भरतात आणि मोठी ठिणगी उडत नाही.

बाहेरची लाइन आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये दोन-पोल चेंजओव्हर (एका वेळी एकच पुरवठा जोडणारा स्विच) हवा, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतील. बाहेरची लाइन इन्व्हर्टरच्या आउटपुटवर आली, तर तो तिथेच जळतो. न्यूट्रल चेसीला जोडायचा की नाही, हे माहितीपत्रक पाहूनच ठरवा. काही स्वस्त मॉडेलमध्ये तसं केल्यास इन्व्हर्टर जातो, आणि ज्यात जोडायला हवा त्यात नाही जोडला, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ऐनवेळी ट्रिपच होणार नाही.

लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या, हातोडीने ठोकलेले गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतात. दोन-तीनशे किलोमीटर झाले की पुन्हा आवळा.

प्रश्न : १२ व्होल्टचे दिवे दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडू का?

उत्तर : नको. ती बॅटरी कायम अर्धवट चार्ज राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होते. २४ ते १२ व्होल्टचा डीसी कन्व्हर्टर घाला.