मुलाचं नाव मुकुंद ठेवावं की अद्वैत?

तुम्ही अंबाजोगाईचे म्हणता, तर माझं मत सरळ मुकुंदला. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी तुमच्याच गावात आहे, आणि त्यांनी मराठीत मांडलं ते अद्वैतच. म्हणजे दुसरं नावही त्यात आलंच की. अद्वैत सुंदर आहे, पण इंग्रजीत कुणी 'व्ही' लिहितं, कुणी 'डब्ल्यू'. मग आधार, शाळेचा दाखला, बँक, सगळीकडे दुरुस्तीचे हेलपाटे. मुकुंदला ती कटकट नाही. दोन्ही नावांनी हाका मारून बघा, आजीलाही मारायला लावा.

बारशाची तारीख गाठायची म्हणून घाई करू नका. जन्माची नोंद तेवढी 21 दिवसांत करा. नाव नोंदीपासून 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, पुढे शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत.