आधी कड बघ, राजाचं तोंड नंतर

हे बघ, जुन्या लष्करी वस्तू जमवायच्या तर सुरुवात तलवारी-बंदुकांपासून नको. परवान्याची भानगड असते, आणि जिवंत काडतूस तर घरात आणायचंच नाही. पदकं घे. खानापूर-निपाणीकडं फौजी घराणी पुष्कळ. पहिल्या महायुद्धाची चांदीची पदकं अजून ट्रंकेत निघतात. सराफाच्या मुशीत गेली ती वेगळीच.

पदक हातात आलं की भिंग लावून कड वाच. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथं ठोकलेली असते. ‘११० मराठा’ दिसलं तर माणूस इराकमधल्या कुत गावच्या वेढ्यात अडकलेला असू शकतो. तो वेढा एप्रिल १९१६ मध्ये शरणागतीनं संपला. लबाड लोक कड घासून दुसरंच नाव ठोकतात. म्हणून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाचं मोजपट्टीसारखं हत्यार, लाव. व्यास ३६ मिलिमीटर भरायला हवा. कमी भरला तर सरळ सोडून दे. ब्राँझचं मिळालं तर नकली समजू नकोस, पलटणीबरोबरच्या मजूर-नोकरांना तसंच दिलेलं.

चिंच, राख, ब्रासो काही लावायचं नाही. रिबन फाटकी असली तरी तीच ठेव. घरच्या म्हातारीशी भाव करण्याआधी वही काढ. गाव, पलटण, कुठं लढले ते लिहून घे. द्यायचं नाही म्हणाली तर फोटो काढ आणि चहा पिऊन ये.