वडिलांच्या वयाचा मुलांमधील नव्या जनुकीय बदलांशी संबंध असतो का?

वयाचा धोका फक्त आईकडून असतो असे ऐकले आहे, मग माझ्या पतीच्या ४२ वर्षे वयाची काळजी करावी का, असे आपण विचारले आहे. मी महाविद्यालयात जनुकशास्त्र शिकवते आणि हा समज विद्यार्थ्यांमध्येही आढळतो. डाउन सिंड्रोममध्ये गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि ती शक्यता आईच्या वयाबरोबर वाढते, त्यातून तो रुजला असावा. डीएनएमधील एखादे अक्षर नव्याने बदलणे, म्हणजे उत्परिवर्तन, ही मात्र निराळी घटना असून असे बहुतेक बदल वडिलांकडून येतात.

स्त्रीच्या बीजपेशींचे विभाजन तिच्या जन्मापूर्वीच जवळजवळ आटोपलेले असते. पुरुषाच्या वृषणातील शुक्राणू तयार करणाऱ्या मूलपेशी मात्र वयात आल्यापासून वर्षाला सुमारे २३ वेळा विभागतात, आणि दर वेळी सुमारे ६ अब्ज अक्षरांची नक्कल होताना कधीकधी एखादी चूक दुरुस्तीतून निसटते. आइसलँडमधील ७८ कुटुंबांच्या २०१२ सालच्या अभ्यासात वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे मुलात सुमारे २ नवे बदल वाढलेले दिसले. २०१७ च्या अधिक मोठ्या अभ्यासात हा आकडा दीडच्या आसपास आला, आणि आईच्या वयाचाही परिणाम आढळला, पण तो याच्या चौथ्या हिश्श्याइतकाच.

सगळेच मात्र नकलेच्या चुकांनी उलगडत नाही. हातपाय आखूड राहणाऱ्या अ‍ॅकॉन्ड्रोप्लेसियाची मुले बहुतेकदा भावंडांत शेवटची असतात, असे जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी १९१२ मध्ये नोंदवले होते, आणि खरा संबंध वडिलांच्या वयाशी आहे हे ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ लायोनेल पेनरोज यांनी १९५५ मध्ये दाखवले. हा विकार एफजीएफआर-३ या जनुकातील बदलामुळे होतो, आणि तो बदल झालेली मूलपेशी वृषणात इतरांपेक्षा अधिक फोफावते, म्हणून वय वाढते तसे असे शुक्राणू अपेक्षेपेक्षा जास्त होतात. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत विलक्षण भाग आहे.

तरीही हा विकार साधारण २५,००० जन्मांमागे एखाद्यालाच होतो. धोका काही पटींनी वाढला तरी तो अल्पच राहतो, आणि बहुतेक नवे बदल निरुपद्रवी असतात. त्यामुळे केवळ पतीच्या वयामुळे मूल होऊ देण्याचा विचार सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. हे बदल शुक्राणूंमध्ये घडत असल्याने पतीच्या रक्ततपासणीत ते दिसत नाहीत. डॉक्टरांना आपल्या वयाबरोबर त्यांचेही वय सांगावे, आणि पाचव्या महिन्याची सोनोग्राफी व्यवस्थित आली तरी शेवटच्या तिमाहीत मांडीच्या हाडाची लांबी पुन्हा पाहायला सांगावी, कारण अ‍ॅकॉन्ड्रोप्लेसियातील आखूडपणा बहुधा तेव्हाच लक्षात येतो.