नमुना कुणाचा?

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. चहा तसाच गार झाला.

शांघायच्या २०१४ च्या पेपरात पित्ताशयाच्या कॅन्सरच्या ५७ गाठींपैकी ३६.८ टक्क्यांत ईआरबीबी मार्गातली, म्हणजे पेशीला वाढीचा निरोप पोचवणाऱ्या साखळीतली, जनुकं बिघडलेली होती. तुझ्या नमुन्यांत त्याहून बरीच कमी, आणि भलतीच दहा-बारा जनुकं वर आलेली. गाइड म्हणतात, ‘भारतीय रुग्णांमधलं वेगळेपण’ असं शीर्षक दे आणि जर्नलला पाठवून टाक. आणि तू मला विचारतेस, पाठवू का?

आधी सांग, नमुना कुणाचा?

चिडू नकोस. तुझ्या फाइलमध्ये गाठीचं सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचं वाचन, आहे; पण जिची गाठ, तिचं रक्त नाही. शांघायवाल्यांकडे ५७ जोड्या होत्या: गाठ, आणि त्याच माणसाचा निरोगी नमुना. तुझ्याकडे जोडीच नाही, म्हणून डेटाबेसात न सापडलेला प्रत्येक बदल तू गाठीच्या नावावर टाकलास. अगं, त्या डेटाबेसांत बहुतांश माणसं युरोपीय वंशाची. बिहारमधल्या छपऱ्याच्या एखाद्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला बदल तिथे दिसणार कसा? तुझी ती ‘भारतीय’ जनुकं बहुधा कुणाच्या तरी आजीकडून आलीत, कॅन्सरकडून नाही.

मी हेच केलंय, म्हणून बोलतो. २००९ मध्ये उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरातला एक खण माझा होता. एका नळीवर मार्करनं लिहिलेलं: स्त्री, ५२, भिवंडी. रक्त घेतलं नव्हतं. एथिक्स समितीकडे पुन्हा अर्ज करायचा कंटाळा, दुसरं काही नाही. काही महिन्यांनी तिचा मुलगा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, परत मागायला आला. बाई गेली होती. मी सहज विचारलं, गाँव कौन सा? छपरा, म्हणाला. आई उपचारापुरती त्याच्याकडे, यंत्रमागाच्या खोलीत, राहिली होती. सगळं आयुष्य गंगेकाठी गेलेलं. माझ्या तक्त्यात मात्र ती महाराष्ट्राची.

गावानं काय फरक पडतो, असं गाइडना वाटेल. हा आजार गंगेच्या खोऱ्यात जेवढा दिसतो तेवढा दक्षिणेत दिसत नाही. ‘भारतीय’ म्हणून तू यातलं नक्की काय सांगणार आहेस? जपानचंच बघ. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका जिथे जन्मतः विचित्र जुळलेली असते, तिथे केरास या जनुकातला बिघाड जास्त सापडतो. म्हणजे तो जपानीपणाचा नाही, नळीच्या जोडणीचा. चिलीत मापुचे वंशाचा वाटा जास्त तशी जोखीम जास्त, हे खरं. पण तिथे लाल मिरचीतल्या अफ्लाटॉक्सिनवरही संशय आहे. रक्त की ताट? टीपी५३ हे जनुक तर जवळपास सगळ्याच देशांतल्या गाठींत वरचेवर बिघडलेलं सापडतं, त्यावरून कुणाचं वेगळेपण सांगणार! आणि टाटा मेमोरियलच्या २०१७ च्या अभ्यासात आलेले एबीसीबी१, एबीसीबी४ या जनुकांजवळचे फरक जन्मजात आहेत. ते गाठीच्या यादीत घुसडू नकोस. नमुना कुणाचा आणि बदल कुणाचा, हे दोन्ही कळल्याशिवाय एक ओळ लिहू नकोस.

त्या मुलानंतर मी बिनरक्ताचा नमुना घेतला नाही. दोन विद्यार्थी वैतागून गेले, एका मोठ्या प्रकल्पातून माझं नाव गळलं. म्हातारा हेकट आहे, असं तुझ्या कानावर आलं असेलच. असू दे. त्या प्रकल्पाच्या तक्त्यांना आज कुणी विचारत नाही. माझ्या नळ्या अजून मागून नेतात. (हे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.)

शीर्षकाचं नंतर बघू. सोमवारी पॅथॉलॉजीत जा. ज्यांच्या लसीकाग्रंथीत रोग पोचला नव्हता, त्यांच्या त्या ग्रंथींचे ब्लॉक शोध. निरोगी डीएनए तिथून मिळेल. ज्या बायका अजून फॉलोअपला येतात त्यांचं रक्त माग. समितीच्या अर्जाचा मसुदा मला पाठव, रात्रीत बघून देतो. आणि फॉर्मवर पत्त्याच्या खाली एक ओळ वाढव: मूळ गाव.