गौरी-गणपतीच्या तोंडावर: आमवात आणि माणसांत राहणं

ताई, गुहागरकडचं सासर, दोन वर्षांपूर्वी आमवाताचं निदान, गोळ्या चालू. भजनाला जाणं सुटलं, शेजारीपाजारी जाणं सुटलं. आता गणपतीत घर चाकरमान्यांनी भरणार, आणि "हात तर चांगले दिसतायत" असं जाऊबाई म्हणतात तेव्हा कुठेतरी निघून जावंसं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. मी देवगड तालुक्यातली, हे दुखणं बरीच वर्षं सोबत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मनाचं. आमवातात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते आणि त्या दाहाचा थकवा सगळ्या अंगात भरतो. दुखण्यापायी झोप नाही, झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, आणि या फेऱ्यात मन खचतं. आमवाताच्या रुग्णांत नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं, त्यामुळे आपला स्वभावच बिघडला असं कृपा करून समजू नका. पुढच्या तपासणीला सांध्यांबरोबर हेही सांगा: झोप कशी लागते, पूर्वी आवडायचं ते नकोसं झालंय का, उगाच रडू येतं का. दोन आठवडे सतत असंच चाललं असेल तर तारखेची वाट बघू नका. स्टिरॉइड चालू असेल तर त्यानेही झोप आणि मन बिघडू शकतं, मात्र ते स्वतःहून बंद करायचं नाही. मधल्या काळात टेलिमानस या मनाच्या दुखण्यांसाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. तो फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. जगणंच नको वाटलं तर त्याच क्षणी तिथे फोन करा आणि घरातल्या एका तरी माणसाला उठवून सांगा.

आता जाऊबाई. "मला जमत नाही" एवढंच म्हटलं की ज्याचा तो अर्थ लावतो. नेमकं सांगा: "सकाळी नऊपर्यंत माझी मूठ वळत नाही. नारळ खवणार नाही, पाण्याची कळशी उचलणार नाही. दहानंतर बसून करायचं काम द्या." आणि हे त्या मुंबईहून निघायच्या आधीच फोनवर बोला. भरल्या घरात, चुलीवर काहीतरी असताना सांगितलं की ती कुरकुर वाटते.

आमच्याकडे खोबरं खवणं आता पुतण्याकडे आहे, उकड मळणं पुतणीकडे. मी टेबलाशी खुर्ची घेऊन बसते. उकडीला वाफ पुरेशी आली का, चुनातला, म्हणजे मोदकाच्या सारणातला, गूळ किती आटवायचा, हे सांगायला बोटं लागत नाहीत. सगळ्या पाटावर आणि मी एकटी खुर्चीवर, हे पहिल्यांदा फार जड गेलं. दुपारी सासूबाईंनी काही न बोलता आपलीही खुर्ची माझ्या शेजारी ओढली. त्यांचेही गुडघे कधीचे दुखत होते. फुगडीत मनगटं ताणली जातात, ती सोडा, पण गाणी तुम्हाला येत असणार. कडेला बसून म्हणा.

भजनाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तुम्ही लिहिलंत की झांज धरवत नाही म्हणून जाणं सोडलं. अहो, मंडळाला तुमचा आवाज हवा असतो! खुर्ची मागा आणि मागे ओळ धरायला बसा. आपल्याकडे माणूस एकटा पडतो तो पुष्कळदा पावसातच. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढतं, पाणंद निसरडी होते, पडायच्या भीतीने एक दिवस जाणं टळतं आणि मग न जाण्याचीच सवय लागते. वाटेवर झावळ्या टाकून घ्या, हातात काठी घ्या. तेही नको वाटलं तर मंडळालाच तुमच्या पडवीत बोलवा. चहा त्यांच्यातलीच कुणीतरी करेल, आढेवेढे घेऊ नका.

सणात दुपारी आडवं पडायला एक खोली आधीच ठरवून ठेवा, नाहीतर सगळीकडे पाहुण्यांच्या बॅगा असतात. आमवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी चालू असेल, तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. गडबडीत वार चुकवू नका आणि चुकूनही रोज घेऊ नका. दुसऱ्या दिवशी मळमळत असेल आणि तो दिवस नेमका गौरीपूजनाचा येत असेल, तर काय करायचं ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

नवऱ्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या, बाहेर बाकावर न बसवता आत न्या. सकाळी तुमच्या हातांचं काय होतं ते तुम्ही डॉक्टरांना सांगाल तेव्हा तेही ऐकतील. घरात घाईघाईत सांगितलेलं पुष्कळदा ऐकलं जात नाही. मग जाऊबाईंशी बोलायला तुमच्या बाजूने आणखी एक माणूस असेल.