‘तू ठरव गं, तुला कळतं त्यातलं’

सहलीच्या नियोजनापायी झोप उडाली म्हणून कुणी समुपदेशकाकडे येतं का? येतं. फक्त तसं सांगत येत नाही. चिडचिड होते, मुलांवर उगाच ओरडले, रात्री दोनला जाग येते आणि मोबाइल हातात घेतला की चार वाजतात, असं सांगतात. घरात परदेशवारी ठरलीय हे मग कधीतरी, ओशाळत बाहेर पडतं. ‘लोकांची दुःखं काय आणि माझं काय!’ हे वाक्य रत्नागिरीत मी बऱ्याच जणींकडून ऐकलंय. जणींकडूनच, कारण घरातलं विमानाचं तिकीट पुरुष काढतो, पण सासूबाईंच्या गुडघ्याला झेपेल असं हॉटेल बहुधा सुनेलाच शोधावं लागतं.

त्यातलीच एक, मानसी. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, आणि लिहायला तिची परवानगी आहे. गाव रत्नागिरीजवळचंच. नवऱ्याची, प्रसादची, हापूसची कलमं आणि आंब्याचा व्यवसाय. ती स्वतः शिक्षिका. डॉक्टरांनी थायरॉइड तपासून घेतलं, रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणून त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

बेत होता जपानचा. तेरा रात्री, आठ माणसं : हे दोघं, पंधरा वर्षांची ओवी, नऊ वर्षांचा ईशान, सासू-सासरे, आणि ठाण्याची नणंद स्मिताताई व तिचे यजमान. मानसीने लॅपटॉप उघडून तक्ता दाखवला. टोकियो, फुजी पर्वताजवळचं कावागुचिको, ताकायामा, कानाझावा, क्योटो, नारा, हिरोशिमा, ओसाका. आठ मुक्काम. शेवटच्या रकान्यात शेरे : ‘आईंना जिने’, ‘स्मिताताई : बाथरूम?’, ‘अण्णांना चालणं जास्त’.

मी विचारलं, “सगळ्यात वाईट काय होईल असं वाटतं?”

मला वाटलं होतं, ट्रेन चुकेल, पासपोर्ट हरवेल, परक्या मुलखात कुणी आजारी पडेल, यातलं काहीतरी ती सांगेल. ती म्हणाली, “मॅडम, तसलं काही झालं तर निभावून नेऊ. पण परत आल्यावर मला वर्षभर ऐकवतील.”

मग केरळची गोष्ट निघाली. काही वर्षांपूर्वी सगळे मिळून गेले होते. हाउसबोटीचा एसी रात्री बंद पडला आणि डासांनी फोडून काढलं. अजूनही घरात कुणी पाहुणे आले की ती गोष्ट निघते, आणि प्रत्येक वेळी सुरुवात तीच : ‘मानसीने बुक केलं होतं ना...’ हसत हसतच म्हणतात. कुणाच्या मनात काही वाईट नसतं. म्हणून तर तिला त्यावर रागावताही येत नाही.

सहलीच्या चिंतेबद्दल लोक मला विचारतात ते बहुतेक ‘काही राहून गेलं तर?’ या अंगाने. एवढा पैसा घालतोय, परत काही जाणं होणार नाही, मग सगळं बघून घ्यायला हवं. ही भीती असतेच. पण माझा अनुभव असा की रात्री दोनला उठवते ती भीती निराळी. ठरवणारा एक, उपभोगणारे आठ, आणि तक्रारीचा हक्क सातांना. ‘तू ठरव गं, तुला कळतं त्यातलं’ हे ऐकायला कौतुकाचं वाटतं. प्रत्यक्षात ते म्हणणाऱ्याने आपला दोष आधीच दुसऱ्याच्या नावावर करून ठेवलेला असतो.

मानसीचे आठ मुक्काम त्यातून आले होते. ताकायामा-कानाझावा स्मिताताईंसाठी, कारण त्यांनी एकदा वाटेतल्या शिराकावा-गो गावाचे फोटो पाठवले होते. उंच, उतरत्या गवती छपरांची घरं, १९९५पासून जागतिक वारसा यादीत. (सासूबाईंचं त्यावरचं मत मला नंतर कळलं : “आमच्या लहानपणी सगळ्यांचीच घरं शाकारलेली होती. ती बघायला विमानात बसायचं?”) फुजी प्रसादसाठी. ओसाका मुलांच्या युनिव्हर्सल स्टुडिओसाठी. हिरोशिमा अण्णांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, इतिहासाचे शिक्षक, ६ ऑगस्ट १९४५ त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलेला. कुणाचंही काहीही कापलं तर तो माणूस बोलेल, म्हणून काहीच कापलेलं नव्हतं.

मी तिला मनाबद्दल काही न सांगता आधी हिशोब करायला सांगितला, कारण शिक्षकमाणसाला हिशोब पटतो. जपानमधल्या हॉटेलांत साधारणपणे सकाळी दहा-अकराला खोली सोडायची आणि नवी खोली दुपारी तीनला मिळते. म्हणजे मुक्काम हलवायचा म्हटला की बांधाबांध, स्टेशन, प्रवास, आणि खोलीची वाट बघत बाहेर फिरणं यात निदान अर्धा दिवस जातो. आठ मुक्काम म्हणजे सात हलवाहलवी, म्हणजे तेरातले साडेतीन दिवस. वर बुलेट ट्रेन मधल्या स्टेशनवर जेमतेम मिनिट-दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात आठ माणसं, दोन म्हातारी आणि बॅगा आत जायला हव्यात. बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली तर त्या गाडीत बॅगेच्या जागेसह सीट आधी राखून ठेवावी लागते. हे सगळं मानसीला पाठ होतं. फक्त बेरीज तिने केली नव्हती.

बेरीज झाल्यावर ती गप्प बसली आणि म्हणाली, “हे मी सांगितलं तर म्हणतील, हिला झेपत नाही.”

म्हणजे आकडे पुरेसे नव्हते. ते कुणी सांगायचे, हाच प्रश्न होता.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती, आणि तीच पुढे उपयोगी पडली. सहलीच्या तारखांवरून त्या घरात एकदाही वाद झाला नव्हता. साकुरा, म्हणजे तिथली चेरी, फुलते मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला, तेव्हा आंबा आणि परीक्षा. एप्रिलअखेरपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानी लोकांचीच सुट्ट्यांची गर्दी, आणि इकडे पेट्या भरायची घाई. जूनमध्ये त्यांच्याकडेही पावसाळा. मग पाऊस उघडल्यावर, फवारणी सुरू व्हायच्या आत, भाऊबीज आटोपून निघायचं ठरलं. क्योटोची पानं लाल होतात ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हणजे ती दिसणार नव्हती, तरी कुणी कुरकुरलं नाही. का? तारखा कलमांनी ठरवल्या होत्या. निर्णय कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कलमांना कोण ऐकवणार?

तेव्हा मी सुचवलं ते असं. घरात ‘कुठे कुठे जायचं?’ विचारायचं नाही. प्रत्येकाने एक ‘हवंच’ आणि एक ‘नकोच’ सांगायचं, लहान ईशाननेही. आणि प्रत्येक मुक्कामाला एक मालक. हॉटेल त्याने निवडायचं, दिवस त्याने आखायचा, चुकलं तर त्याचं.

पहिला प्रयत्न फसला. मानसीने घरच्या ग्रुपवर रात्री अकराला लांबलचक मेसेज टाकला. स्मिताताईंचं उत्तर आलं, “आम्हाला परकं केलंस गं. जमत नव्हतं तर आधीच सांगायचंस.” प्रसाद म्हणाला, “एवढ्याशा गोष्टीचं काय काढलंस?” मी प्रसादला बोलावलं. आला, पण खुर्चीच्या कडेवर बसला. “मी तिला पूर्ण मोकळीक दिलीय, मॅडम. पैशाबद्दल एक शब्द विचारत नाही.”

मी विचारलं, “वाशीला पेटी जाते तेव्हा तिच्यावर नाव कुणाचं असतं?”

“माझं.”

“आंबा दुसऱ्या कुणी भरला आणि आत डागी निघाला, तर?”

“तरी नाव माझंच जाणार.” मग थोडं थांबून, “म्हणजे केरळचं म्हणताय तुम्ही.”

समजूतदार माणूस होता. असे सगळे नसतात. नवऱ्याला बोलावूनही काही हललं नाही अशी घरंही मी बघितली आहेत. तिथे मग बाईला एकटीलाच ‘हे मी करणार, हे करणार नाही’ एवढं वाक्य म्हणायचा सराव करावा लागतो. त्याला वेळ लागतो.

इथे पुढचं बोलणं प्रसादने केलं, बहिणीशी, फोनवर. आणि सगळ्यांनी ‘हवंच-नकोच’ सांगितलं तेव्हा गंमत झाली. मानसीने महिनाभर ज्यांची मनं ओळखली होती त्यांतली निम्मी चुकलेली निघाली. शिराकावा-गोबद्दल स्मिताताई म्हणाल्या, “अगं, फोटो छान होता म्हणून पाठवला.” त्यांना हवी होती ओसाकाची खरेदी. सासूबाईंचं ‘नकोच’ म्हणजे जमिनीवरचा बिछाना, आणि सार्वजनिक गरम कुंडात कपडे काढून उतरणं. म्हणजे कावागुचिकोचं महागडं रयोकान, जपानी पद्धतीचं पारंपरिक निवासगृह, आपोआप बाद. ‘हवंच’ म्हणाल तर कार्तिकी एकादशी सहलीतच येत होती, तेवढी नीट व्हावी. अण्णांना हिरोशिमा हवंच होतं, त्याशिवाय टोकियोतलं रेन्कोजी मंदिर, जिथे नेताजींच्या अस्थी ठेवल्या आहेत असं मानतात. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

चार मुक्काम उरले : टोकियो पाच रात्री, क्योटो चार, हिरोशिमा दोन, ओसाका दोन. टोकियोत उतरायचं, ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून निघायचं, उलटा फेरा नाही. नारा क्योटोहून तासाभरावर, तिथल्या हरणांसाठी मुक्काम कशाला? फुजी टोकियोहून एका दिवसात, आणि दिवस प्रसादने हवा बघून निवडायचा. तिकिटंही त्याच्याकडे. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनांवरून ५०,००० वर गेलाय. टोकियो-क्योटो साधं तिकीट साधारण १४,००० येनांचं. एकाच दिशेने जाणाऱ्यांना पास परवडत नाही, हे त्याने स्वतः शोधलं आणि दोन दिवस सगळ्यांना ऐकवलं. मोठ्या बॅगा टोकियोहून क्योटोच्या हॉटेलवर कुरियरने पुढे पाठवायच्या, ही तिथली रोजची सोय आहे, ते काम ओवीकडे.

रात्रीच्या दोन वाजताचं काय? ते आपोआप गेलं नाही. मानसीला हॉटेलांचे अभिप्राय वाचायची सवय लागली होती. पन्नास चांगले वाचायचे, एक वाईट सापडला की बुकिंग रद्द, पुन्हा शोध. शंका फिटावी म्हणून वाचावं आणि प्रत्येक वाचनागणिक शंका वाढावी, असं हे चक्र असतं. आम्ही दोन नियम केले. एक, सहलीचं काम संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास. रात्री मनात आलं तर कागदावर लिहून उद्याच्या अर्ध्या तासाला ठेवायचं. दोन, अटी आधी लिहायच्या : लिफ्ट, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आत, रद्द करता येणारं. तिन्ही अटींत बसणारं पहिलं हॉटेल घ्यायचं आणि शोध बंद. सर्वोत्तम शोधत बसण्याऐवजी पुरेसं चांगलं मिळाल्यावर थांबणं माणसाला जास्त जमण्यासारखं आहे, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५६मध्येच मांडलंय. मानसीला सायमनपेक्षा ‘शोध बंद’ हे दोन शब्द जास्त उपयोगी पडले. तिने ते लॅपटॉपवर चिकटवले.

जपानच्या व्हिसासाठी दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो. तो कागद भरताना तिला पुन्हा धडधडलं, जणू लिहिलं ते दगडावरची रेघ. त्या अर्जात दिवस आणि मुक्काम दाखवायचे असतात. त्या दिवशी दुपारी अण्णा दमले आणि देऊळ राहिलं, तर त्याचा जाब कुणी मागत नाही, हे तिला तीनदा सांगावं लागलं.

आणखी एक मी तिला सांगितलं. नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांचा एक अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले ९७४ जण सुट्टीवर जाऊन आलेले. जाणारे न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले ते जाण्याआधी. परतल्यावर फरक जवळपास उरला नाही, अगदी निवांत सहल झालेले सोडून. म्हणजे वाट बघण्याचे महिने हा सहलीचाच मोठा हिस्सा, आणि तोच ती हॉटेलांच्या यादीत घालवत होती. त्यानंतर घरात रविवारी एकेक मालक आपला मुक्काम सांगू लागला. ईशानने क्योटोच्या माकडांवर भाषण केलं. सासूबाईंनी एकादशीसाठी राजगिऱ्याचे लाडू करायचं ठरवलं, कारण तिथल्या साध्या दिसणाऱ्या सुपातही सुक्या माशाचा अर्क असतो हे ओवीने वाचून दाखवलं. इतर दिवशी ‘मासे-भात असेल तर आपलंच की’, यावर घराचं एकमत झालं.

परत आल्यावर मानसी भेटली. फुजी दिसला नाही, दिवसभर ढग. दिवस प्रसादने निवडला होता, तोच आता गावभर विनोद करून सांगतो. हिरोशिमाच्या संग्रहालयात अण्णा इतके रेंगाळले की बाकीचे बाहेर बाकावर कंटाळले. मालक अण्णाच असल्यामुळे कुणी घाई केली नाही. सासूबाईंचा गुडघा तिसऱ्या दिवशी धरला, मग एक दिवस त्या आणि मानसी हॉटेलवरच राहिल्या.

“आणि ओसाका?”

“हॉटेल स्टेशनपासून वीस मिनिटं लांब निघालं. स्मिताताईंनी घेतलेलं. बॅगा ओढत ओढत गेलो.”

“मग?”

“कुणी काही बोललं नाही.” आणि हसू आवरत, “मीही नाही बोलले, मॅडम. पण जीभ वळवळत होती हं.”