पत्त्याआधी माणूस गाठा

प्रश्न : माझं वय ४३. बरीच वर्षं रोज संध्याकाळी पितो. हल्ली सकाळीही हात थरथरतात, थोडी पोटात गेल्याशिवाय शर्टाची बटणं लागत नाहीत. आता मात्र मला मनापासून सोडायची आहे. इंटरनेटवर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या जवळच्या मीटिंगचा पत्ता शोधला आणि गेलो, तर दाराला कुलूप. दुसऱ्या एका ग्रुपच्या नावापुढे ‘क्लोज्ड’ लिहिलंय, म्हणजे तिथे नव्या माणसाला घेत नसावेत. ओळखीचं कुणी भेटलं तर काय, ही धास्ती वेगळीच. शिवाय देवाधर्मावर माझा विश्वास नाही. बायकोला मीटिंगचं अजून सांगितलेलं नाही. कुठे शोधू? – एक वाचक

उत्तर : सर्वांत आधी तुमच्या बटणांबद्दल बोलते. सकाळी हात थरथरणं आणि घेतल्यावर ते थांबणं, याचा अर्थ तुमच्या शरीराला दारूची सवय लागली आहे. अशा माणसाने मनाचा हिय्या करून एकदम सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. तेव्हा आधी डॉक्टरांकडे जा आणि किती पिता ते खरं सांगा, कमी करून सांगू नका. हे दिवस सुखरूप पार पडावेत म्हणून औषधं असतात. मात्र डॉक्टरांचे उपचार होईपर्यंत मीटिंग लांबणीवर टाकू नका. दोन्ही एकदमच सुरू करा. मीटिंगला यायला आधी दारू सुटलेली असावी लागत नाही. सोडायची इच्छा हवी, एवढी एकच अट आहे.

आता त्या कुलपाचं. मीही याच संघटनेतली. आमचे ग्रुप मागून घेतलेल्या खोल्यांत भरतात. खोली बदलते, वार बदलतो, आणि यादीत जुनाच पत्ता राहून जातो. म्हणून नुसत्या पत्त्यावर जाऊ नका, आधी हेल्पलाइनला फोन करा. तो बहुतेक वेळा आमच्यातलाच कुणीतरी उचलतो, म्हणजे स्वतः पिऊन झालेला माणूस. त्याला सांगा, ‘मी नवीन आहे, एकट्याने यायला अवघड वाटतंय, दारात कुणी भेटेल का?’ असं विचारण्यात कमीपणा नाही. नव्या माणसाला सोबत करणं हे आमच्याकडे मोलाचं काम मानतात.

ही चळवळ सुरू झाली तीच अशा फोनने. मे १९३५. दारू सोडून पाचेक महिने झालेला बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा माणूस ओहायोतल्या अॅक्रन गावी कामासाठी आला होता. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो फोनकडे वळला आणि चर्चच्या यादीतल्या पाद्र्यांना विचारत सुटला, मला भेटवाल असा कुणी दारुडा इथे आहे का? त्यातून दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर काही तास बसून राहिले. त्यांनी शेवटचा पेला घेतला १० जूनला, आणि तोच आमच्या संघटनेचा स्थापना दिवस. बिलला त्या दिवशी उपदेश करणारा नको होता, आपल्यासारखा कुणीतरी हवा होता. तुम्हालाही तोच हवा आहे.

‘क्लोज्ड’ मीटिंग ही तुमचीच मीटिंग. ज्यांना स्वतःला पिण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी ती असते. ‘ओपन’ला घरचे किंवा इतर कुणीही येऊ शकतात. नावं लिहायची वही नाही, फी नाही. मध्येच एक पिशवी फिरते, नव्या माणसाने त्यात काही टाकण्याची गरज नाही. बोलायचं नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, पुढच्याचा नंबर येतो.

ओळखीच्या माणसाची भीती मला चांगलीच ठाऊक आहे. पिणारी बाई म्हटल्यावर लोक काय म्हणतील, या धाकाने मी किती संध्याकाळी घरीच बसले. शेवटी गेले, तर ओळखीची एक बाई समोरच! तिने काही विचारलं नाही. खुर्चीवरची स्वतःची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा करून दिली. ती तिथे होती म्हणजे तीही पीत होती, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. बाहेर कुणी कुणाचं नाव घेत नाही. छापील माध्यमांतही आम्ही पूर्ण नाव देत नाही, म्हणूनच या उत्तराखाली माझं नाव दिसणार नाही.

प्रार्थना असते, हे खरं. पण ‘आपल्याला जसा समजला तसा’ ईश्वर, असंच आमच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांत लिहिलंय, आणि कित्येक नास्तिक वर्षानुवर्षं येतात. तरी मन घेत नसेल तर स्मार्ट रिकव्हरी नावाचे ग्रुप १९९४ पासून आहेत. त्यांत देवाचा विषय नसतो, तलफेला तोंड कसं द्यायचं याचा सराव असतो. दोन्हींच्या ऑनलाइन मीटिंगा भरतात. एका ग्रुपवरून मात्र ठरवू नका. माणसं बदलली की मीटिंग बदलते. दोन-चार ठिकाणी बसून पाहा.

पत्नीला सांगा. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन हे वेगळे ग्रुप १९५१ पासून आहेत. तुम्ही कुठवर पोचलात याची वाट न पाहता त्या आपल्या आपण तिथे जाऊ शकतात.